गजाभाऊ पेंटरच्या पांढऱ्या पाट्या

"वा! आता यांच्यावर चित्रं कधी काढणार?" गजाभाऊ पेंटरना पहिल्याच भेटीत मी हे विचारलं. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये पत्र्याच्या नऊ पाट्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, सगळ्या पांढऱ्याफटक. अमरावतीच्या आमच्या कलामंडळाचा मी सचिव. म्हणजे सतरंज्या मोजणं आणि पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं ही माझी कलासेवा. देशातल्या हिंसाचारावर चित्रं काढणारा एक पेंटर आहे, त्याचं प्रदर्शन ठरवून ये, एवढं सांगून मला पाठवलं होतं. आग, रक्त, पळणारी माणसं बघावी लागणार म्हणून मी खिशात जास्तीचा रुमालही ठेवला होता.

"काढून झाले," गजाभाऊ म्हणाले. "जवळ या ना जरा. चष्मा कायले घेतला मंग?"

जवळ गेलो. पांढऱ्याखालून फिकट गुलाबी अक्षरं वर येत होती.

गजाभाऊंनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि धंदा बसला, पण एक काम टिकून होतं. "देशात कोठीबी पेटलं का आठ दिवसात माह्याकडं बोर्ड येते. गिऱ्हाईक म्हन्ते, बापाचं नाव पुसा, 'न्यू स्टार' लिवा. मी पेपर वाचतच नाई. कोठी काय झालं ते मले बोर्डावरून समजते." त्यात शब्बीरमियाँ होते तसे रामभाऊही होते, दुकान कोणाच्या वस्तीत, त्यावर सारं. नावं जास्त कोणाची पुसली, असं मी एकदा विचारलं, तर एकदम भडकले. "जो येते तो हेच इचारते! पुसताना हात कसा चालते, ते कावून नाई इचारत कोणी?"

अक्षराबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं. "अक्षर कसं पाहिजे? माणूस पाटावर जेवाले बसल्यावानी. ऐसपैस. अन् हे लोक मले जेवता माणूस उठवाले लावते."

पुसलेल्या नावांपैकी नऊ नावं त्यांनी आठवणीनं पुन्हा लाल रंगात लिहिली होती आणि वरून पांढरा हात मारला होता. एवढीच त्यांची चित्रकला. "लाल रंग बदमाश. पांढऱ्याखाली दबत नाई. त्याले कायमचा गाडाचा असंन तर अगोदर सिल्व्हर मारावा लागते. या नऊ बोर्डाले मी सिल्व्हर मारलाच नाई."

दोन महिन्यांनी पाट्या अमरावतीला आमच्या हॉलमध्ये लागल्या. तोवर लाल चांगलाच वर आला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या अध्यक्षांनी फेरी मारली आणि मला कोपऱ्यात घेतलं. "सचिव, नावं वाचता येताहेत! उद्या कोणी दुखावलं म्हणजे? तिसरी, पाचवी आणि आठवी. त्यांना अजून एक हात द्यायला सांगा, नाहीतर सगळंच रद्द."

पाट्या लावायला आलेल्या गजाभाऊंना मी आधी गिलावडा खाऊ घातला. मग त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणालो, "फक्त तीन पाट्या... जरासं..."

"म्हंजे पुसू?"

"पुसायचं असं नाही. हलकंसं..."

"साहेब, तुमीबी गिऱ्हाईकच निघाले."

जवळच्या दुकानातून त्यांनी दोन डबे आणले, एक सिल्व्हरचा, एक पांढरा. मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "सारे माह्याच हातानं पुसून घेते, अन् सोता पाठमोरे उभे राह्यते. आज तुमी मारा. अगोदर सिल्व्हर."

मी ब्रश खाली ठेवायला हवा होता, हे आता कळतं. पण खुर्च्या आल्या होत्या, पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि नवरदेव पळाला तरी पंगत उरकून घेणाऱ्यांपैकी मी. सकाळी सिल्व्हर मारला, दुपारी पांढरा. पाठीमागून गजाभाऊ सांगत होते, "ओघळ येऊन राहिला, साहेब. खालून वर घ्या." त्याही वेळी त्यांना वाईट काम बघवत नव्हतं. मी जीभ दातांत धरून हात चालवत होतो. तिसऱ्या नंबरच्या पाटीवर एकही ओघळ आला नाही, तेव्हा तर मला चक्क अभिमान वाटला.

त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, फडक्यात गुंडाळला आणि पिशवी खांद्याला लावली.

"अहो, थांबा ना. उद्याचा मान तुमचा आहे."

"माहा कायचा? तीन बोर्डावर तुमचा हात हाय."

ते संध्याकाळच्या एसटीनं अकोल्याला गेले. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही, पाट्या न्यायलाही आले नाहीत. हिवाळ्यात ते गेल्याचं तिसऱ्याच कोणाकडून कळलं.

उद्घाटन मात्र झोकात झालं. पाहुणे तिसऱ्या पाटीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "किती शांत चित्रं आहेत!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: पाहुणे, पाटी आणि बाजूला मी. बायको अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी पेपर तिच्या पुढ्यात धरला.

"छान दिसून राहिले तुमी," ती म्हणाली. मग फोटो जवळ घेऊन बघितला. "याच्याखाली नाव कोणाचं होतं?"

"ही तिसरी पाटी," मी सांगितलं.

"नंबर नाही विचारून राहिले मी," ती म्हणाली. "नाव विचारून राहिले."