कळीच्या फोटोत मागे आबा

झाडवेड्या मंडळींनो, आज ग्रुपवर ऑर्किडच्या कळीचा फोटो टाकणार होते. टाकत नाहीये.

थंड डोंगरातलं ते झाड मी इथे पिंप्राळ्यात, जळगावच्या उन्हाळ्यात जगवतेय. हॉलच्या खिडकीत कुंडी आणि दुपारभर कूलरचं तोंड तिच्याकडे. आज एकदाची कळी दिसली. हौसेने फोटो काढला.

मोठा करून बघितला, तर कळीच्या मागे माझे सासरे! आबा परवाच शिंदखेड्याहून आलेत. उघड्या अंगाने फरशीवर पडलेले, छातीवर ओला टॉवेल. कूलरची हवा तिकडे जातच नव्हती. आणि मी सकाळी विचारत होते, "आबा, झोप लागते ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आबा, सांगायचं ना हो!"

"राहू दे बेटा. त्या झाडले बोलता येस नही. माले येस."

पण बोलता येऊनही आबा बोलले कुठे?

कूलर त्यांच्याकडे वळवून मी चहा ठेवायला गेले. कप घेऊन आले, तर आबांनी कूलर परत कुंडीकडे फिरवलेला.

तोरणमाळच्या थंड डोंगराकडे कुणी राहतं का? हे झाड घेऊन जाल?