काळ्या बोकडाची कंदुरी

मी अन् बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते शेळ्यांची खुरं कापायचं. पावसाळ्यात चिखलानं खुरं वाढतात, वाकडी होतात, मग शेळी लंगडते. ती शेळीला गुडघ्यात दाबून धरायची, पाय उचलून माझ्याकडं करायची अन् मी कापायचो. लग्न झालं तेव्हापासून हे असंच. त्या सकाळी सात शेळ्या झाल्या. आठवीला मी जरा खोल कापलं, रक्त आलं.

"डोळे गेले काय तुमचे?"

"तू नीट धर."

"म्या नीटच धरलीया. तुमीच दुसरीकडं बघून राहिले."

मग तिनं उठून हळद आणली अन् शेळीच्या पायाला दाबली. हात धुतले, भाकर अन् ठेचा खाल्ला. दुपारी छातीत दुखतंय म्हणून आडवी झाली. जीप बोलावली, ती येईस्तोवर संपली होती. संध्याकाळी माती दिली.

आलेली माणसं म्हणाली, बाई नशिबाची, कुंकवासगट गेली. मी मान हलवली. मला दुसरंच खाऊन राहिलं होतं. मी चौथी शिकलेला मेंढरामागचा माणूस, लिहायची सवय नाही. पण तोंडानं जे वेळेवर बोललो नाही ते आता कागदावर तरी सरळ लिहितो.

हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास आमच्या साखऱ्याकडच्या गावांत बायांचे बचत गट निघाले. आमच्या गावात अंगणवाडीच्या ताईनं काढला. ताई बौद्ध वस्तीतली, वयानं आमच्या लेकीपेक्षा थोडी मोठी, मला मामा म्हणायची अन् हिला मामी. पंधरा बाया शाळेच्या ओट्यावर महिन्यातून एकदा बसायच्या. आम्ही गडी लोक म्हणायचो, बसू द्या, दोन महिन्यांत एकमेकींच्या झिंज्या धरतील. धरल्या नाहीत. वर्षानं बँकेनं गटाला कर्ज दिलं अन् गटानं बायांना वाटलं. एकीनं शिलाई मशीन घेतली, एकीनं बांगड्यांचा माल भरला.

हिनं काय मागावं? बोकड मागितला.

मी म्हणलं, "येडी झाली काय? घरात चार बोकड हायेत."

"ते खाटकाचे. मला वळूचा पायजे."

तिचं गणित असं होतं. गावात घरटी दोन-तीन शेळ्या, पण चांगला बोकड कुणाकडं नाही. शेळी माजावर आली की बाया कुठलाही मरतुकडा बोकड लावायच्या अन् तसलीच करडं व्हायची. चांगल्या जातीचा एक पाळायचा, लोकांच्या शेळ्यांना लावायचा, दर शेळीमागं दहा रुपये घ्यायचे, रुपये नसतील तर ज्वारी. मी मेंढरामागं जन्म काढला पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हेही मला टोचलं असंल.

ताईला घेऊन ती आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेली. येताना एसटीत कंडक्टरनं बोकडाचं तिकीट फाडलं. ही त्याला म्हणाली, "तिकीट घेतलं तर मग सीट द्या की त्याला." सगळी गाडी हसली म्हणे. बोकड काळाभोर, कान लांब, अंगावर एक पांढरा केस नाही. रात्री भिजवलेले हरभरे सकाळी त्याच्यापुढं ठेवायची, पाठीला तेल चोळायची. मला कधी तेल चोळलं नाही, असं मी तिला म्हणलंसुद्धा. ती म्हणाली, "तुमी कमवून आणा, तुमाला बी चोळते."

तिचे नियम कडक. दिवसाला दोनच शेळ्या. तिसरी आली तर, "जनावर हाय माय, मशीन न्हाई, उद्या ये." पाठ, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, कमी वयाची असली तर परत पाठवायची. शेळी गाभण राहिली नाही तर दुसऱ्या खेपेला फुकट. गोठ्यामागं तिनं तुराट्यांचा आडोसा केला होता, तिथं शेळी न्यायची, गड्यांना तिकडं येऊ द्यायची नाही. वर्षभरात गावात लांब कानांची काळी करडं दिसायला लागली. एकेका शेळीला जुळी. बाया करडं काखेत घालून हिला दाखवायला आणायच्या अन् ही त्यांचे कान चाचपून बघायची. शेजारच्या तीन-चार गावांतून बाया दोरी धरून चालत यायच्या. त्या दिवसांत ती चालायचीसुद्धा वेगळी.

मी मात्र फाट्यावरच्या हॉटेलात चहाला बसायचो. तिथं पोरांची टोळी.

"काय मामा, आज किती गिऱ्हाईक झाले?"

"मामी बोकड सांभाळते, मग मामा काय सांभाळते?"

एक दिवस एकानं विचारलं, "मामा, तुमच्या घरी बोकड दोन. मग कमाई एकाचीच काहून?"

हॉटेलवाल्याच्या हातातली किटली हलली, एवढा तो हसला. मीही हसलो. हसावंच लागतं. पण ते वाक्य मी घरी घेऊन आलो अन् ते काही घरातून गेलं नाही. ती हरभरे भिजत घालायला लागली की ते आठवायचं. कुणी बाई शेळी घेऊन दारात आली की मी उठून बाहेर जायचो. घरात धान्य माझ्या बोकडावर नाही, तिच्या बोकडावर येऊन राहिलं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

दुसऱ्या साली आमची लेक पहिल्या बाळंतपणाला आली. तिला कळा लागल्या अन् अडली. ही तिला घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यात गेली, मी शेळ्यांच्या खांडापाशी राहिलो. दोन दिवस झाले, सुटका नाही. जावयाचा निरोप आला, जिवाला धोका हाय. मी पीरसाहेबाच्या दर्ग्यावर गेलो. आमच्याकडं नवस फेडायला बोकड कापून गावाला जेवू घालतात, त्याला कंदुरी म्हणतात. हिंदू, मुसलमान सगळेच करतात. मी नारळ ठेवला अन् दर्गा सांभाळणाऱ्या मुजावरासमोर, चार लोकांसमोर बोललो, "लेक सुटू दे, घरचा काळा बोकड देतो."

लेकीची काळजी खरी होती. ते खोटं नाही. पण नुसतं "बोकड देतो" म्हणलं असतं तरी चाललं असतं. माझ्या खांडात चार होते, त्यातला कुठलाही गेला असता. माझ्या तोंडात काळाच आला अन् तो आपोआप आला नाही. तोंड उघडायच्या आधी एक क्षण मला हॉटेलातलं हसणं ऐकू आलं होतं. मी तो क्षण वापरला.

त्याच संध्याकाळी लेक सुटली. मुलगी झाली, दोघी धडधाकट. पाचव्या दिवशी ही घरी आली, पदरात पेढे घेऊन, हसत. मी नवसाचं सांगितलं. ती पेढा हातात धरून थांबली.

"कोणता म्हणला तुमी?"

"काळा."

"काहून काळा?"

"तोंडात आला. देवापुढं काय निवडत बसू?"

तिनं पेढा परत पदरात बांधला. दोन दिवसांनी परत आली माझ्यापाशी. दर्ग्यावर जाऊन मुजावराला विचारून आली होती. मुजावर तिला म्हणाला होता, "नियत साफ है तो बदली चलती है, बाई." म्हणजे बोललेल्याच्या जागी त्याच वजनाचा दुसरा दिला तरी नवस फिटतो.

"तुमच्यातला मोठा देऊ," ती म्हणाली. "त्याच्यावर आणखी एक माझ्याकडून देते, दोन देऊ. पण काळा राहू द्या. बँकेचं बी फिटायचं हाय. बाया इश्वासानं येतात."

"देवाला फसवतीस? लेकीच्या जिवावर उठलीस काय?"

हे मी बोललो. तिच्या तोंडावर बोललो अन् आवाज चढवून बोललो. लेकीच्या जिवाचं नाव काढलं की कोणत्या आईच्या तोंडात शब्द राहील? ती उठून चुलीकडं गेली. त्यानंतर त्या विषयावर तिनं शब्द काढला नाही. गटातल्या बाया भांडायला यायला निघाल्या होत्या. हिनंच त्यांना अडवलं, "देवाचं हाय, त्यांना काई बोलू नका."

कंदुरीच्या दिवशी तिनं बोकडाला सकाळचे हरभरे घातले, पाठीला तेल लावलं अन् दोरी स्वतः धरून दर्ग्यापर्यंत चालत आली. तिथं दोरी माझ्या हातात दिली. गाव जेवलं. हॉटेलातली पोरं पंगतीत सगळ्यात पुढं होती. "मामा, मटण एक नंबर," म्हणाली. तिनं खाल्लं नाही. बायांनी आग्रह केला तर म्हणाली, उपास हाय. त्या दिवशी कसलाच उपास नव्हता.

अन् मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण लिहितो. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात ताठ बसलो.

पुढं दोन-तीन महिने बाया येत राहिल्या. लांबच्या गावची एक म्हातारी शेळी ओढत उन्हात आली, घामानं भिजलेली. ही म्हणाली, "देवाला गेला माय. पाणी पी." कर्जाचे उरलेले हप्ते तिनं सोयाबीन खुरपून, दुसऱ्याच्या वावरात मजुरी करून भरले. एक हप्ता चुकवला नाही. गट वाढला. एकीनं पिठाची गिरणी टाकली, शिलाईवालीनं पोरी शिकवायला ठेवल्या. कर्जाला हिचा नंबर आला की ही म्हणायची, "माझा दुसरीला द्या." दहा वर्षं ती दर बैठकीला गेली, बचत भरली, दुसऱ्यांच्या कर्जाला अंगठा दिला अन् स्वतः परत कधी घेतलं नाही. मी एकदा म्हणलं, "घे की आणखी एक बोकड." ती म्हणाली, "अन् पुन्हा कोणी आजारी पडलं तर?"

त्या वेळी खरं काय ते सांगायला पाहिजे होतं. तिला कळलं होतं का, मला ठाऊक नाही. ती नवस मानणारी बाई होती. आपला धंदा लेकीच्या जिवापायी गेला, एवढं समाधान तिला असंल, तर ते कशाला मोडू, असं मी स्वतःला सांगायचो. ते सोयीचं होतं. खुरं कापताना आम्ही किती वेळा समोरासमोर बसलो, तिचं तोंड माझ्यापासून हातभर. बोललो ते काय, तर नीट धर.

माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गटातल्या बाया भाकरी घेऊन घरी आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. ताई होती, गिरणीवाली होती, शेजारची म्हातारी होती. लेक मध्ये बसली होती. ताई तिला सांगत होती, "मामीनं तुझ्यासाठी काळा बोकड दिला, मागं-पुढं पाह्यलं न्हाई. मी नवस मानत न्हाई, पण त्या बाईचं काळीज मानते." लेक रडायला लागली.

मी उठून बायांपुढं जाऊन खाली बसलो. म्हणलं, "तो देवानं मागितला नव्हता. माझे चार होते. मला हॉटेलात हसून राहिले होते म्हणून म्या तिचा बोलला. ती बदली द्यायला तयार होती. म्या देऊ दिली न्हाई."

लेकीनं डोळे पुसले.

"माझं नाव घेऊन, बा?"

"व्हय."

ती उठली अन् आत गेली.

ताई म्हणाली, "मामा, हे मामीला सांगायचं व्हतं."

"व्हय."

शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडं बघितलंच नाही. भाकरीवरचं फडकं सोडता सोडता म्हणाली, "झालं का सांगून?"

"झालं."

"मग उठा हितून. बायांना बसू द्या."

मी उठलो. भाऊबंद म्हणाले, सुतकात रानात जाऊ नये, कुणीतरी दुसरं जाईल. शेळ्या कालपासून दावणीला ओरडत होत्या. मी त्या सोडल्या अन् हाकत रानात घेऊन गेलो.