हात खाली

मॅडमनी माझ्या कपाळावर ओलं कुंकू लावलं. टिकलीएवढं नाही, चांगलं रुपयाएवढं. मग खांद्याला धरून मला आरशासमोर उभं केलं. माझ्या पाठीमागं चार रांगा खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे. मी नऊ वर्षांची होते.

मुंबईहून आलेले डॉक्टर माइकवर बोलत होते. "साधं मूल काय करील? आरशात डाग दिसला की हात कपाळाकडे नेईल. आता हिच्याकडे बघा."

सगळे बघत राहिले. माझा हात वर गेला नाही. कुंकू नाकावरून ओघळलं आणि एक थेंब फ्रॉकवर पडला. मागं कुणीतरी हसलं.

"बघा. हात वर जात नाही," डॉक्टर म्हणाले. "आरशातली मुलगी म्हणजे आपणच, हे हिला कळत नाही. आत 'मी' म्हणणारं कुणी नाही."

"देवाची मुलं ही," मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

मला सगळं दिसत होतं. आरशाच्या डाव्या कोपऱ्यातला पारा उडाला होता. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंच्या एका कानात कुडी होती, दुसऱ्यात नव्हती. मधोमध मी, कपाळ लाल. आणि सगळ्यात मागं, दाराशी उभी माझी आई. खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. आई आरशातून माझ्याकडं बघत होती आणि स्वतःचं कोरडं कपाळ हातानं पुसत होती. पुन्हा पुन्हा. पूस गं, पूस, असं ती मला सांगत होती. तेही मला कळलं होतं.

मग हात का नाही नेला? सांगते.

आमच्यासारख्या मुलांचा तो वर्ग नाशकात गंगापूर रोडला मॅडमच्या बंगल्यात, खालच्या मजल्यावर भरायचा. आम्ही सातपूरच्या कॉलनीतले. आई वर्गाची झाडलोट करायची, म्हणून मला तिथं घेतलं होतं. मला बोटं हलवायची सवय होती. डोळ्यांसमोर बोटं हलवली की डोकं शांत व्हायचं. मॅडमना ते चालायचं नाही. माझ्या बाकावर खडूनं दोन पंजे काढलेले असत. त्यांवर हात ठेवून बसायचं. हात उचलला की मनगटावर लाकडी पट्टी. "हात खाली." चेहऱ्याजवळ गेला तर दोन पट्ट्या. अशी दोन वर्षं. रोज आई बाक पुसायची तेव्हा पंजेही पुसले जायचे. मग मॅडमच्या सांगण्यावरून तीच ते परत गिरवायची. माझा हात बाकावर ठेवून, माझ्याच मापाचे.

कार्यक्रमाच्या दिवशी तो नियम बंद आहे, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या मुलांना म्हणे सांगावं लागत नाही, त्यांचं त्यांना कळतं. मला नियम म्हणजे नियम. बाक नव्हता, पंजे नव्हते, म्हणून मी हात फ्रॉकला चिकटवून ठेवले. कुंकू आधी गार लागलं, मग वाळून कातडी ओढायला लागलं. तरी मी हलले नाही. मॅडमनी जे शिकवलं ते मी इतकं नीट केलं, की मी माणूसच नाही असं ठरलं.

आणि कुंकू. आमच्या घरात कुंकू नव्हतं. आजीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी डबी घराबाहेर गेली, ती परत आली नाही. आईचं कपाळ मी कायम मोकळंच पाहिलं. मॅडमना ते ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवशी मला काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? मला वाटायला वेळ लागतो. लोकांचं वाटणं लगेच येतं, माझं उशिरा येतं, आणि येतं तेव्हा ते कशाचं आहे हे शोधावं लागतं. नवव्या दिवशी नळावर हात धुताना माझं अंग थरथरायला लागलं. "आता काय झालं हिला?" शेजारीण म्हणाली. आई म्हणाली, "तिचं काय नाय. उगाच हाय ते."

आधी ती असं म्हणाली नसती. त्या दिवसाच्या आधी रोज जेवताना आई मला विचारायची, "भाकर का भात?" मला शब्द लवकर सापडत नसत. मी टोपलीला नाहीतर पातेल्याला हात लावायची. तेवढंच माझं बोलणं. आई थांबायची. कितीही वेळ लागला तरी थांबायची. साऱ्या नाशकात माझ्यासाठी थांबणारं ते एकच माणूस होतं.

कार्यक्रमानंतर तिनं विचारणं सोडलं. भात वाढायची आणि ताट सरकवायची. माझी वेणी घालता घालता शेजारणीला सांगायची, "हिच्या आत कुनी नाय म्हनं. मोठा डाक्टर बोलला." तिची बोटं माझ्या केसांत असायची, आणि मी तिथं नसायची. डॉक्टर उचलली जीभ लावली टाळ्याला करून मुंबईला गेला. आमच्या घरातलं माणूस मात्र कमी झालं.

पुढं मला एक शब्द कळला, स्वमग्न. आमच्यासारख्यांना मराठीत तसं म्हणतात. हसू आलं. एकीकडे म्हणायचं, ही स्वतःतच बुडालेली. दुसरीकडे म्हणायचं, हिला 'स्व' नाहीच. काय ते एकदा ठरवा तरी.

माझ्या आतलं मला माहीत आहे. माझा मी चेहऱ्यात नसतो. फोटोतली मी मला ओळखू येते, पण शेजारची बाई ओळखू यावी तशी. माणसांत गेले की मी पातळ होत जाते. ते बोलतात, हसतात, माझ्या तोंडाकडं बघतात, आणि माझ्यातलं काहीच माझ्या हाताला लागत नाही. एकटी असले, हातात एखादी वस्तू असली, की मी भरून येते. पंखा फिरताना त्याच्या आवाजात मी असते. भूक लागलेली मला पोटात कळत नाही, हात कापायला लागले की कळते. हे तुमच्यासारखं नाही. पण हे नाही, असं कसं म्हणता?

पंधराव्या वर्षी तो वर्ग सुटला. वडील सातपूरच्या एका कारखान्यात हेल्पर होते. त्यांनी शब्द टाकला आणि मला तिथं रबरी वॉशर तपासायला बसवलं. वॉशर बोटावर फिरवायचा. काठाला कण राहिला असेल, चीर असेल, तर बाजूला टाकायचा. माझं बोट चुकत नाही. दिवसाचे आठ तास मी पूर्ण असते. तिथं मला कुणी 'हात खाली' म्हणत नाही. तिथंच हळूहळू मला शब्द सापडायला लागले. थोडे, पण माझे.

मी एकवीस वर्षांची झाले. तोवर खिशाखिशात मोबाइल आले होते आणि मॅडमच्या वर्गाचा स्वतःचा हॉल झाला होता. वार्षिक कार्यक्रमाला त्यांनी आम्हाला बोलावलं. "आमची पहिली विद्यार्थिनी, आज कमावते," असं माझ्याबद्दल सांगायचं होतं. आईनं नवी साडी नेसली. हॉलमध्ये गेल्यावर ती सवयीनं मागं दाराशी जाऊन उभी राहिली.

स्टेजवर आरसा होता. नवा, मोठा. आरशासमोर सहा-सात वर्षांची एक मुलगी उभी होती, दोन वेण्या, हात मांड्यांना चिकटलेले. बोटांची टोकं दाबून पांढरी पडली होती. मी ती बोटं ओळखली.

मॅडमनी माझ्या हातात कुंकवाची वाटी दिली. "लाव तिला. तुझ्या हातून लागलं की लोकांना बरं वाटेल."

"नाही लावणार," मी म्हटलं.

माइक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं. मॅडम हसल्या. लोकांकडे वळून म्हणाल्या, "बघा, किती छान बोलते आता!"

टाळ्या पडल्या. माझ्या नकाराला टाळ्या. मी नाही म्हटलं तेसुद्धा त्यांच्याच कार्यक्रमात जमा झालं.

तेव्हा मी वाटीत बोट बुडवलं आणि मॅडमच्या कपाळावर लावलं. त्यांच्या बारीक टिकलीवर, चांगलं रुपयाएवढं.

त्या थिजल्या. कुंकू नाकावर ओघळलं. त्यांचा हात वर गेला नाही. सवाष्णीनं कपाळावरचं कुंकू पुसायचं नसतं, चारचौघांत तर नाहीच, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. मला शिकवलेलं, हात खाली. त्या लोकांकडे बघत हसत राहिल्या, आणि थेंब त्यांच्या रेशमी साडीवर पडला.

मी माइकजवळ गेले. "बघा," म्हटलं. "हात वर जात नाही."

मी त्या मुलीजवळ वाकले. "हात वर केला तरी चालतं," तिला म्हटलं. तिचा हात वर आला नाही. एका वाक्यानं येत नाही, मला माहीत आहे. मग कुणीतरी माझ्या दंडाला धरून मला खाली आणलं.

सिटी बसमध्ये आईनं दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "त्यांला कशाला लावलंस? लोक काय म्हनतील?"

"मी नऊ वर्षांची होते तेव्हा मला कळत होतं. आरशात मी होते. मागं तू होतीस. कपाळ पुसत होतीस."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "मंग हात का नाय नेलास वर?"

"हात खाली म्हणून सांगितलं होतं. पंजे तू गिरवायचीस."

त्यानंतर सातपूर येईपर्यंत ती स्वतःच्या हातांकडं बघत बसली. मला तिची कीव आली का, ते अजून सांगता येत नाही. येईल तेव्हा कळेल.

घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला. मला भात वाढला, ताट सरकवलं. बारा वर्षांच्या सवयीनं.

मी हात मांडीवर ठेवले. दोन्ही, उपडे, जसे शिकवले होते तसे.

"जेव की," ती म्हणाली.

"विचार."

"काय इचारू?"

भाताची वाफ गेली. वडील एकदा तिच्याकडं बघायचे, एकदा माझ्याकडं. माझे हात हलले नाहीत. न हलण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, मॅडमनीच तयार केलंय मला.

बऱ्याच वेळानं आईचा आवाज आला. फुटका, बारीक. "भाकर का भात?"

"भाकर."

भाकरी नव्हती. तिनं उठून पीठ मळलं. मी बसून राहिले. मदत केली नाही, डोळे पुसले नाहीत तिचे, माफ केलं असंही म्हटलं नाही. गरम भाकरी ताटात पडली तेव्हा हात वर घेतले आणि जेवले.

पुढच्या वर्षी मॅडम मला बोलावणार नाहीत. मी जाणार आहे. दाराशी उभी राहणार नाही, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसणार. आईला शेजारी बसवणार. आरशासमोर मूल उभं राहिलं की मी उठणार आणि विचारणार, याला विचारलंत का? दर वर्षी. आईला विचारायला बारा वर्षं लागली. बाकीच्यांना किती लागतात ते मी बघते.