तीन सालांचा पाक आणि एक पितळी गुंडी

बसा, चहा उकळू द्या, तोवर माझी फजिती ऐका. हसायचं तर खुशाल हसा, पण तुम्ही हसलात म्हणून मी मधे थांबणार नाही, हे आधीच सांगते. मी थांबणारी बाईच नाही. थांबले असते तर ही फजिती झालीच नसती!

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ. नवरा नागझिऱ्याच्या जंगलात गाईड, अन् मी बायांचा बचत गट चालवते. मोहफुलं वेचायची, वाळवायची, त्यांचा गोड पाक करायचा अन् सरबतासाठी विकायचा. दारू नाही हो, सरबत! मोह म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.

गटात पहिल्या वर्षी काय भांडणं, बाप्पा! हिचा पाक पातळ, तिचा करपला. मग मीच नियम केला. सगळ्यांचा पाक एका पितळी गुंडीत, म्हणजे हंड्यात, ओतायचा, ढवळायचा, अन् मगच भरायचा. कोणाचा चांगला, कोणाचा वाईट, प्रश्नच नाही. नियम एवढा कडक पाळला की हाताला सवयच लागून गेली.

तर झालं असं, जंगलाच्या गेटाजवळ नवीन रिसॉर्ट उघडलं. पाहुणा गाडीतून उतरला की त्याच्या हातात सरबताचा ग्लास द्यायचा, असा त्यांचा बेत होता. म्हणजे हंगामभराची ऑर्डर! गटातल्या सगळ्या बाया त्या ऑर्डरवर टपून बसलेल्या. शेवंताकाकूनं तर आधीच मोठी शेगडी पसंत करून ठेवली होती. पण मॅनेजर पक्का गोंदियाचा माणूस. म्हणतो कसा, "भाभी, मोह का शरबत तो सब जगह मिलता है. आपके में खास क्या है?"

खास काय? आता याला काय सांगावं? ऑर्डर घेतल्याशिवाय राहणार नाही, एवढं मात्र मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

नेमका त्याच आठवड्यात नाशिककडचा एक द्राक्षबागायतदार रिसॉर्टवर उतरला होता. आमच्या ह्यांनी त्याला जंगल फिरवलं अन् घरी चहाला आणलं. बोलता बोलता तो म्हणाला, "आमची द्राक्षं वाईनला जातात, ताई. बाग तीच, वेल तोच, पण दर वर्षीची वाईन वेगळी. थंडी लांबली की आंबटपणा टिकतो. ऊन लवकर तापलं की गोडी चढते. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की सगळं पाणचट. म्हणून तर बाटलीवर वर्ष लिहितात, अन् जाणकार माणूस आधी वर्ष बघतो."

झालं! माझ्या डोक्यात ट्यूबच पेटली.

अहो, मोहाचं तरी वेगळं काय आहे? तीन सालांची फुलं माझ्या घरात तीन पिंपांत पडलेली. सगळ्यात जुन्या साली फुलं गळायच्या वेळेसच आभाळ धरलं, फुलं काळवंडली, पाक आंबूस. पुढच्या साली ऊन कसं खणखणीत, पाक मधासारखा. अन् गेल्या साली अवकाळी पाऊस आला, सगळं वाळवण उचलून चुलीपाशी पसरलं, तर पाकाला धुराचा वास. मी म्हटलं, हेच आपलं खास! साल सांगून विकायचं!

नवरा हसला. "मोह तो मोहच वं. सरबतात साल कोण पाहून राहिला?"

"तुमची जीभ तंबाखूचा खर्रा खाऊन मेली हाये. या गोष्टीत तुम्ही बोलूच नका!"

"अन् लोकायले फरक नाही समजला तं?"

"कसा नाही समजत? समजवल्याशिवाय सोडीनच नाही!"

तीन सालांचा पाक वेगवेगळा केला. तीन काचेच्या बरण्यांत भरला. गटातल्या सगळ्या बायांना चाखायला दिला. प्रत्येकीला ओळखू आला, खोटं नाही सांगत! खुद्द नवरासुद्धा एका घोटात म्हणाला, "हे चुलीपाशी वाळवलेलं." मी नुसतं त्याच्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसॉर्टवर जायचं. बघते तर चाखून चाखून एक बरणी अर्धी, एक तळाला, एक गळ्यापर्यंत. असं ध्यान घेऊन चारचौघांत कसं जायचं? तोंडानं माझी भाषणाची तयारी चालू, अन् हातानं कामाचा सपाटा. बरण्या धुतल्या, सारख्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या अन् शेवंताकाकूला अन् नवऱ्याला घेऊन निघाले.

रिसॉर्टच्या अंगणात मॅनेजर, आठ-दहा टूरिस्ट अन् तो नाशिकवाला बसलेले. मी पदर खोचला अन् सुरू झाले. ह्या साली आभाळ, त्या साली ऊन, ग्लास फिरत होते, माना डोलत होत्या. मॅनेजर घोट घेऊन म्हणाला, "हाँ हाँ, फर्क तो है!" शेवंताकाकूनं मला कोपरानं ढोसलं. ऑर्डर आपलीच!

नाशिकवाल्यानं मात्र तिन्ही ग्लास चाखले, परत चाखले अन् खाली ठेवून दिले. मी विचारलं, "काय झालं भाऊ?"

"रागावू नका ताई, पण मला हे तिन्ही एकच लागतायत."

मी कशाला रागावते? रागावलेच!

"तुम्हाले सर्दी हाये का?"

"नाही."

"नाश्त्याले काय खाल्लं?"

"पोहे."

"तर्री घेतली असन वरून!"

घेतली होती. सापडला ना? असला झणझणीत रस्सा खाऊन कोणाला चव समजते? त्याला चूळ भरायला लावली, मुरमुरे चारले, परत तिन्ही ग्लास पाजले. बिचारा डोळे मिटून प्यायला.

"एकच आहे, ताई."

मागून नवरा हातवारे करत होता. "बाजूला उभे राहा तुम्ही!" म्हटलं. माझं डोकं आता सटकलं होतं. माझ्या गटाला हा खोटं ठरवतो म्हणजे काय? मी बरण्या उचलल्या. "माझ्या पाकात खोट असन तं हा पाक मी ठेवतच नाही!" अन् तिन्हीच्या तिन्ही दिल्या मातीत ओतून. मुंग्यांची दिवाळी झाली.

तेव्हा नवरा जवळ आला अन् हळूच म्हणाला, "अवं, एकच होतं ते. सकाळी तूच तं तिन्ही गुंडीत ओतून ढवळून राहिली होती."

गुंडी! सवयीनं हातांनी आपलं काम केलं, अन् मी इकडं आभाळ अन् ऊन बडबडत बसले.

"मंग तेव्हाच काऊन नाही सांगितलं?"

"तूच म्हटलं होतं ना, तुम्ही बोलूच नका."

सांगा आता, अशा माणसाला काय करावं? धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. नाशिकवाल्याला हात जोडले. शेवंताकाकूचं तोंड एवढंसं झालं होतं, ते मला बघवत नव्हतं.

अन् तेवढ्यात मॅनेजर ग्लासाचा तळ चाटून म्हणतो, "भाभी, साल-वाल छोड़ो. जो पिलाया ना, बहुत बढ़िया था. थोड़ा मीठा, थोड़ा खट्टा, पीछे से धुएँ की खुशबू. हर हफ्ते यही चाहिए, बिलकुल यही. मिलेगा?"

"मिलेगा!" मी म्हटलं. विचार करून बोलायची आपल्याला सवय आहे का?

घरी आल्यावर उजेड पडला. कोणत्या सालाचा किती पाक गुंडीत गेला होता, कोणाला ठाऊक? नमुन्याला थेंब ठेवला नव्हता, सगळा मुंग्यांच्या पोटात. सगळ्या बाया पळ्या घेऊन बसल्या. एक म्हणे धूर जास्त झाला, दुसरी म्हणे आंबट कमी पडलं. नवऱ्याला विचारलं तर तो तोंडावर बोट ठेवून बसला. कसाबसा जमवला, अन् पहिला डबा पास झाला. मी म्हटलं, जिंकलं!

दुसरा डबा घेऊन गेले. मॅनेजरनं घोट घेतला. भुवई वर गेली.

"भाभी, ये तो अलग लग रहा है."

मी मागं हटते का? कमरेवर हात ठेवून ठणकावलं, "अलग तो लगेगाच भाऊ! साल बदललं की चव बदलते. नाशिकवाल्यायले विचारा!"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "साल? भाभी, पिछला डिब्बा तो मंगल को आया था!"

ऑर्डर टिकली हो. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं अन् त्यानं डबा ठेवून घेतला. पण तेव्हापासून मी दिसले की तो पाहुण्याच्या हातात ग्लास देतो अन् माझ्याकडं बोट दाखवून सांगतो, "पी लीजिए साहब, इनके यहाँ साल हर मंगल को बदलता है!"