खंडेनवमीला पुसलेली मशिनं

ओतूरच्या एका छोट्या शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी शहाणा. संस्थेचे चिटणीस म्हणजे बाजारपेठेतले कापडवाले शेठ. त्यांनी खटपट करून एक सर्व्हर आणवला. बाकीची पाच मशिनं जुनाट होती, पण काम सगळं सर्व्हरवर चालायचं. मशिनांनी नुसता पडदा आणि कीबोर्ड पुरवायचा. सर्व्हरशी जोडायला दर मशिनामागे एक लायसन लागायचं. तीही आम्ही मोजून पाच घेतली होती.

त्या साली खंडेनवमीला मला हुक्की आली. हत्यारांची पूजा करायची तर ती आधी स्वच्छ नकोत का? पाचही मशिनं मी एका दिवसात फॉरमॅट करून आतून पार पुसली, सगळं नव्यानं टाकलं आणि वर झेंडूच्या माळा चढवल्या. शेठनी पेढे वाटले. मशिनं भराभर चालू लागली, आणि मी आठवडाभर ऐटीत होतो.

सर्व्हर लायसन देतो ते त्या मशिनाच्या नावावर, हे मला ठाऊकच नव्हतं. पुसलेलं मशीन त्याला अनोळखी. जुनी पाच लायसनं पुसून गेलेल्या मशिनांच्या नावावर अडकून पडली आणि नव्यांना त्यानं तात्पुरती दिली, नव्वद दिवसांची. सर्व्हर आपल्या नोंदींत रोज बोंबलत होता. त्या नोंदी उघडायची तसदी या शहाण्यानं घेतली नाही.

जानेवारीत बारावीचे मागे राहिलेले फॉर्म, नावांच्या यादीसकट, पुण्याला बोर्डात द्यायचा तो शेवटचा दिवस होता. आदल्या दिवशी संध्याकाळी मढ गावाकडची एक मुलगी बापाबरोबर आली होती. आजारपणात तिचा फॉर्म राहिला होता. जुन्नरला नर्सिंगच्या कोर्सला तिची जागा बघून ठेवली होती, फक्त बारावी व्हायची होती. बाप म्हणाला, "भाऊ, हिचं यंदा तेवडं बसवा. पुढल्या साली मला न्हाई जमायचं." मी म्हणालो, काळजीच करू नका. तिचा फॉर्म मी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला, कारण तो सगळ्यांत शेवटी आला होता.

सकाळी पाचही मशिनं एकदम बंद. एका दिवशी पुसलेली, एकाच दिवशी त्यांची मुदत संपली. कंपनीला फोन लावला तर खरेदीचे कागद फॅक्स करा म्हणाले, आणि कागद पुण्याच्या दुकानदाराकडे. तेवढ्यात शेठ आले.

"पाच लायसनं घेतली ना? मशिनंही पाचच. मग कमी कुठं पडलं?"

"मशीन पुसलं की सर्व्हरला ते नवं वाटतं, शेठ."

"पुसली कुणी?"

"मी."

त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा उचलून माझ्यापुढे ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चालू होता फक्त सर्व्हर, आणि त्याच्यासमोर खुर्ची एक. फॉर्मांवरची नावं यादीत घालायचं पाच जणांचं काम मी एकटा बडवत बसलो. नावं चुकत होती, चुकलेली खोडून पुन्हा घालत होतो. गठ्ठा वरून उपसत गेलो. तळातला एक आधी घ्यावा, एवढं साधं डोक्यात आलं नाही. पुण्याच्या एसटीची वेळ झाली तेव्हा अकरा फॉर्म उरले होते. यादीत नाव नसेल तर बोर्ड फॉर्म घेणार नाही, हे मीच ठरवलं. कुणाला विचारलं नाही. अकराही फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकले आणि पळालो.

बोर्डाच्या खिडकीपाशी माझ्यापुढे एक मास्तर होते. त्यांनी पेनानं लिहिलेली यादी पुढे केली, आणि कारकुनानं शिक्का मारून ठेवून घेतली.

"हातानं लिहिलेली चालते?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं? तुमचे आहेत का आणखी फॉर्म?"

चार वाजून गेले होते, पाचला खिडकी बंद होणार. फॉर्म ओतूरला, तीन तासांवर. मी कारकुनाच्या हातापाया पडलो, उद्या सकाळी आणतो म्हणालो. त्यानं नाही म्हणून मान हलवली. तिथल्या पायरीवर बसून मी रडलो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

बाकीच्या दहाजणांच्या घरी शेठ स्वतः जाऊन आले. मढची मुलगी तेवढी आपणहून ऑफिसात आली, एकटीच. मी तिला सर्व्हर सांगितला, लायसनं सांगितली, नव्वद दिवस सांगितले. माझंच मला ऐकवत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "माजा फारम कुटंय?"

मी तो काढून दिला. तिनं उभ्या उभ्याच वाचला, उलटून मागची बाजू पाहिली, खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्यो तर पुरा भरल्याला व्हता."