शिडीवरचे पाऊल

हे विश्वंभरा, तू एवढे आकाश रंगवलेस, पण त्यासाठी तुला शिडी लागली नाही; तुझ्या हाताला टेकूची गरज नाही. माणसाच्या हाताला आहे. कधी तो टेकू लाकडाचा असतो, कधी लोखंडाचा, आणि तुझी कृपा झाली तर घरच्याच माणसाचा असतो. अशा टेकूला आधी वंदन, आणि मग सारी गल्ली जिला रंगारीवहिनी म्हणते, तिची ही कथा.

वहिनीचा नवरा घरे रंगवणारा कारागीर. तो वर भिंत रंगवी, ती खाली रंग कालवी, पुट्टी मळी, फरशीवरचे शिंतोडे पुसून काढी. शिडीवर मात्र ती जन्मात चढली नव्हती. सासूबाई चेष्टा करीत, "हिला माळ्यावरचा डबा काढायला सांगा! तेहतीस कोटी देवांना हाका मारील, तेव्हा कुठे स्टुलावर पाय ठेवील."

आणि एके सकाळी एका दुकानाचा दर्शनी भाग रंगवताना, मागे न पाहता मागे आलेला मालाचा ट्रक शिडीवर आदळला. कारागीर खाली कोसळला. मांडीचे हाड मोडले. आत सळई बसवली, तरी ते जुळेना. डॉक्टर म्हणाले, "दुसरे ऑपरेशन लवकर करा, नाहीतर पाय जन्माचा आखूड." बिलाच्या खिडकीने सांगितले, "आधीचे बिल भरा, मग तारीख." ट्रकच्या विमा कंपनीवर दावा लावला होता, पण दाव्याची चाल अशी, की कासवानेही मागे वळून हसावे.

त्यातच कंपनीचा माणूस घरी आला. तोंडात साखर, हातात चेक.

"वहिनी, इथे सही करा. चेक तुमचा, दावा बंद. कटकट संपली!"

त्या चेकात अर्धे बिलही फिटत नव्हते. "कटकट तुमची संपेल, भाऊ," वहिनी म्हणाली. "ह्यांच्या पायाचं काय?"

"कोर्टात म्हातारे व्हाल."

"व्हायचंच आहे. सही केली म्हणून तरुण राहणार आहोत का?"

तो गेला. वहिनी पदर खोचून थेट दवाखान्यात गेली. खिडकीपुढच्या रांगेत उभी असताना तिची नजर वर गेली. लांबलचक मार्गिका, आणि दोन्ही भिंतींना पोपडे! ती तडक व्यवस्थापकांच्या खोलीत शिरली. "साहेब, तुमच्या भिंती आजारी आहेत. आम्ही बऱ्या करतो. मजुरी बिलात धरा."

"बाई, हा दवाखाना आहे, बाजार नाही."

"मग बिलं कशाला फाडता?"

व्यवस्थापक आधी कपाळाला आठ्या घालून बसले, मग हसू आवरेना, आणि मग सौदा ठरला.

घरी नवरा म्हणाला, "अगं, बसून माझा हात कितीसा वर पोचणार?"

"पोचेल तिथवर तुमचा. पुढे माझा."

"तू? शिडीवर?"

शिडी तीच होती, वाकलेला पाय ठोकून सरळ केलेली. पहिल्याच पायरीवर वहिनीने खाली पाहिले आणि दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली. नवऱ्याने कुबडी बाजूला ठेवली, स्टुलावर बसून दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि म्हणाला, "खाली बघू नकोस. भिंतीकडे बघ. भिंत कुणाला पाडत नाही." ओठात देवाचे नाव, मुठीत ब्रश, अशी ती माउली चढली! खाली तो, वर ती. रोज एकेक भिंत उजळू लागली.

कंपनीच्या माणसाला वास लागला. त्याने गुपचूप फोटो काढला: कारागीर, हातात ब्रश. ते कळताच वहिनीचेच वकील घाबरे झाले.

"काम बंद करा! ते म्हणतील, माणूस बरा झाला, आता भरपाई कसली?"

"वकीलसाहेब, बसून राहिले तर ऑपरेशन नाही, काम केलं तर भरपाई नाही. म्हणजे खरा जखमी ठरायला माणसाने मरायलाच हवं की!"

"निदान गाजावाजा तरी नको."

"का? चोरी केलीय? कंपनीच्या आधी तुम्हीच कोर्टाला सांगा. ते काम करतात, कसं करतात, कशासाठी करतात, सगळं सांगा."

वकिलांनी सुस्कारा सोडला आणि तसेच केले. तरीही सुनावणीला कंपनीच्या वकिलाने तो फोटो झेंड्यासारखा उंचावला. न्यायाधीशांनी चष्मा सावरून तो नीट पाहिला.

"वरच्या कडेला, शिडीच्या पायरीवर, हे रंगाने माखलेलं पाऊल कुणाचं?"

कंपनीचा वकील फोटोत पाहू लागला. त्याला ते आजवर दिसलेच नव्हते. मागच्या बाकावरून वहिनी उठली.

"माझं, साहेब. फोटो खरा आहे, पण अर्धा आहे. बसून ह्यांचा हात जिथे थांबतो, तिथून माझा सुरू होतो. खात्री नसेल तर दवाखान्यात या. भिंतीवर सांधा दिसेल. माझा हात अजून कच्चा आहे."

न्यायाधीशांच्या ओठांवर हसू आले. फोटो कागदपत्रांत ठेवून घेतला गेला आणि पुढची तारीख पडली. बाहेर व्हरांड्यात कंपनीचा माणूस आडवा आला. आकडा वाढवला होता, आवाज उतरवला होता. "आता तरी सही करा, वहिनी."

"पहिल्या पायरीवरून छत रंगत नाही, भाऊ. आणि मला आता वर चढता येतं."

शेवटची भिंत झाली, आधीचे बिल फिटले, ऑपरेशनची तारीख मिळाली. आज कारागीर वॉकर धरून अंगणापर्यंत येतो. या खेपेला हाड जुळते आहे, असे डॉक्टर म्हणतात. नव्या ऑपरेशनचे बिल दुसऱ्या मजल्याच्या भिंतींवर फिटते आहे. दावा अजून चालूच आहे, आणि वहिनी एकही तारीख चुकवत नाही. सासूबाईंची तक्रार तेवढी बदलली आहे: "एकदा वर चढली की खाली यायचं नाव नाही हिचं!"

हे दयाघना, त्या माउलीचे पाऊल पायरीवर स्थिर ठेव. शिडी धरणाऱ्या हातांना बळ दे, त्या पायाला पुन्हा वाट दे. म्हातारीची जीभ अशीच तिखट राहो, त्या घराचा उंबरा कुणापुढे न वाको, आणि न्याय उशिरा का होईना, त्यांच्या दारी स्वतःच्या पायांनी चालत येवो.