याही आणि तिसरे ठिकाण

संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार, तीन वर्षांपूर्वीचा : जबाबदार, केळीची गाडी. त्यापुढच्या वर्षी महाशिवरात्रीच्या आधीचा रविवार : जबाबदार, माझी पत्नी. गेल्या वर्षी होळीच्या अलीकडचा आठवडा, संपूर्ण : जबाबदार, मी स्वतः. आणि यंदा माघी पौर्णिमेनंतरचे शुक्रवार-शनिवार : जबाबदार, माझा मुलगा आणि माझी सून, समसमान. नाशिककडच्या द्राक्षमळ्यांत जायचे, धरणाकाठी एक मुक्काम करायचा, डोंगर पाहायचे आणि तेथली वाइन चाखायची, एवढ्या साध्या बेताचा हा चार वेळा झालेला खून मी आरंभीच नोंदवून ठेवतो. संशयितांच्या यादीत ज्यांचे नाव नाही, त्यांच्याविषयीच मला लिहायचे आहे.

ते गृहस्थ म्हणजे माझे याही. व्याह्याला आमच्या खानदेशात याही म्हणतात. माझ्या मुलाचे सासरे. राहणार जामनेरच्या पुढचे एक खेडे. व्यवसाय केळी आणि थोडा कापूस. तापी आणि पांझरा या दोन नद्यांच्या दरम्यान पाण्याच्या बाबतीत एवढा हट्टी मनुष्य दुसरा झालेला नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. मुलगी दिली त्या घरचे पाणी प्यायचे नाही, ही जुनी रीत पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. कोणी नातवंड होईपर्यंत ती पाळतात, बाकीचे उन्हाळा लागला की विसरतात. माझ्या याह्यांनी ती सात वर्षे पाळली. धुळ्याला देवपुरात आमच्याकडे येताना त्यांच्या खांद्याला एक पिशवी असे, तीत पाण्याची बाटली, चहाचा थर्मास आणि पितळी पेला. आमच्या दिवाणखान्यात मी माझा चहा घेई, ते त्यांचा घेत, आणि दोन देशांच्या वकिलांसारखे आम्ही समोरासमोर बसत असू. एकदा बाटली रिकामी असताना त्यांना उचकी लागली. पत्नीने तांब्या पुढे केला. याही उठले, हात जोडले, रस्ता ओलांडून समोरच्या बिऱ्हाडात गेले, तेथे दोन पेले पाणी प्याले आणि परत येऊन त्याच वाक्याच्या मध्यापासून बोलू लागले. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाईंनी पत्नीला विचारले, “अक्का, तुमच्याकडे नळ आला नव्हता का?”

मी न्यायालयीन कचेरीत आयुष्य घालवलेला मनुष्य. नियम दिसला की त्याची कड कोठे उसवते ते मी पाहतो. मी त्यांना विचारले, “याही, दूध तुमचे, साखर तुमची, पाणी तुमचे आणले आणि चहा आमच्या गॅसवर केला तर?” ते गंभीर झाले. तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी सकाळी आला : “नाना, गॅस चालते. गॅस काही पोटात जात नाही.” त्यानंतर ते थर्मास आणीनासे झाले, आमच्या स्वयंपाकघरात स्वतःचे पातेले घेऊन उभे राहू लागले. पत्नी तिच्या अहिराणीत म्हणाली, “त्या याही शेतस का आचारी शेतस?” याही आहेत की आचारी, हा तिचा प्रश्न रास्त होता.

आता कोणी म्हणेल, त्यांच्या घरी जाऊन एकत्र जेवायचे. तेथे दुसरे कलम आड येई. मी मुलाकडचा. मला पाटावर बसवून, वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी वाढून, याही हातात वरणाचा डाव घेऊन उभे. मी कितीदा म्हटले, “याही, बसा हो, नाहीतर मी उठतो.” “उठू नका नाना. तुम्ही मुलाकडचे. मी तुमच्या मांडीले मांडी लावून बसलो तं गाव काय म्हनीन?” मी हात धुऊन ओसरीवर गेलो की मग ते आत एकटे बसत. मी भिंतीपलीकडून त्यांच्या भाकरी मोडण्याचा आवाज ऐकत असे. सात वर्षांत आम्ही दोघांनी एक घास एकत्र खाल्लेला नाही. आणि खरे सांगायचे तर, साठी उलटल्यावर ज्याच्याशी बोलल्याशिवाय दिवस सुना जातो असा एवढाच एक मनुष्य मला मिळाला होता.

तोडगा त्यांनीच काढला. “नाना, तिसऱ्या ठिकानी जाऊ. तिथी ना तुम्ही मुलाकडचे, ना मी मुलीकडचा.” आणि त्यांनी मोबाइलवरचे एक चित्र माझ्यापुढे धरले. हिरवे डोंगर, खाली धरणाचे पाणी, द्राक्षांच्या रांगा, आणि दोन म्हातारे टेबलाशी बसलेले. मी म्हटले, “याही, ही वाइन आहे. तुम्ही ताकाच्या पलीकडे गेलेले नाही, मीही नाही.” ते म्हणाले, “ते मले समजते. हे पाहा, बाटली एक, पेले दोन.” त्यांचे बोट त्या बाटलीवर बराच वेळ होते.

मग त्यांनी तयारीला आरंभ केला. वाइन चाखण्याआधी पेला फिरवून वास घ्यायचा असतो, असे त्यांना कळले. त्यांनी पितळी पेल्यात ताक घेऊन सराव केला आणि धुतलेले दोन सदरे घालवले. पुढे ते दिसेल त्या वस्तूचा वास घेऊ लागले. पारोळ्याच्या बाजारात मिरचीच्या पोत्यात नाक घातले आणि अर्धा बाजार त्यांच्या शिंका मोजत उभा राहिला. वासांची एक वही केली. तीत “नवा कापूस : उन्हात वाळवलेल्या गोधडीचा” आणि “नानांचे पत्र : शाळेचा” अशा नोंदी होत्या. केळीवरचा अन्याय त्यांना बोचू लागला. “अंगुराचा वास घ्याले लोक मुंबईहून येतात. माह्या बागेत सालंसाल कोनी नाक घेऊन आला नाही.” धुळ्यापासून नाशिकपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा त्यांनी हाताने काढला. मालेगावला चहा, चांदवडच्या घाटात एक फुली, आणि फुलीशेजारी लिहिलेले : “इथी गाडी थांबवाची. डोंगर पाहाचे. दहा मिनिटं. बोलाचं नाही.” कायद्याच्या एवढ्या पुस्तकांत इतका शहाणा नियम माझ्या वाचनात आलेला नाही.

पहिल्या वेळी मी पिशवी भरून उभा असताना सकाळी सहाला फोन आला. “नाना, गाडी उभी राह्यली, घड कापाले मानसं आले. अंगूर दोन दिवस थांबतीन, केळ थांबत नाही.” दुसऱ्या वेळी माझी पत्नी दारात आडवी आली. “दोन याही संगे दारू पेवाले जाई राहिनात! लोके काय म्हनतीन? डोकं ठिकाणावर शे का तुमनं?” मी तिला मद्य आणि वाइन यांतला भेद समजावीपर्यंत शिवरात्रीचा उपास आला.

तिसऱ्या वेळचा अपराधी मी. परवान्यावाचून एक थेंबही ओठाला लावणार नाही, असा मी पवित्रा घेतला आणि दोघांचे अर्ज केले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण तोंडात घेऊन थुंकलेली वाइन ही कायद्याच्या दृष्टीने प्राशन ठरते काय, हा प्रश्न मला पडला आणि तो मी त्या मळ्याच्या मालकांना लेखी विचारला. त्यांचे उत्तर आले : “साहेब, आपण या तरी.” हे उत्तर मला असमाधानकारक वाटले. मी दुसरे पत्र लिहिले. मग तिसरे. दरम्यान ऊन तापले. याह्यांचा फोन आला, “नाना, अंगूर तोडून झाले म्हने. तुमचा कायदा पिकला का?” ते हसले, मीही हसलो. पुढच्या वर्षी जाऊ, असे म्हणालो. पुढचे वर्ष आपले आहेच, असे धरून चालणाऱ्या पक्षकारांना मी आयुष्यभर मूर्ख म्हणत आलो होतो.

यंदा परवाने खिशात होते. केळी कापून झाली होती. पत्नीने स्वतः दशम्या करून दिल्या. गुरुवारी संध्याकाळी मुलगा आणि सूनबाई आमच्यासमोर येऊन बसली आणि त्यांनी सांगितले की, त्यांचे जमत नाही, ती दोघे वेगळी होत आहेत. भांडण नव्हते, आवाज चढला नव्हता. दोघांनी एकमताने ठरवले होते. माझ्या घरात एवढे एकमत पूर्वी कधी झाले नव्हते. तिने जाताना वाकून नमस्कार केला आणि मी दशम्यांचा डबा तिच्या हातात दिला.

कोणाचे चुकले, हे मी येथे लिहिणार नाही. मला विचाराल तर माझ्या मुलाचे. याह्यांना विचाराल तर त्यांच्या मुलीचे. दोन्ही बाप आपापल्या लेकराविरुद्ध साक्ष द्यायला तयार होते. न्यायालयाने कोणालाच बोलावले नाही.

निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात आम्ही दोघे एका बाकावर बसलो होतो. आश्विनातले ऊन अंगणात उकळत होते. मुले सह्या करून दोन दिशांना निघून गेली. याह्यांची पिशवी त्या दिवशी घरी राहिली होती, ओठ सुकले होते. मी माझ्या बाटलीचे झाकण काढले आणि म्हणालो, “याही, हुकूम झाला. आता माझे घर हे तुमच्या मुलीचे घर नाही. आता तरी घ्या.” त्यांनी बाटली हातात घेतली. माझी खात्री आहे, ते पिणार होते. मग म्हणाले, “आता कोन्या नात्यानं घेऊ, नाना?” आणि बाटली माझ्या मांडीवर ठेवून, सावकाश पायऱ्या उतरून गेले.

तेव्हापासून फोन नाही. मी तीन पत्रे पाठवली, पोचपावतीसह. तिन्ही पोचपावत्या त्यांच्या सहीने परत आल्या. पत्रांना उत्तर नाही. खासगी मार्ग संपले, म्हणून मी हे चारचौघांत लिहितो.

याही, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला सुचले नाही. आता सुचले आहे, ते नोंदवून घ्या. न्यायालयाचा हुकूम पक्षकारांवर बंधनकारक असतो. त्या दाव्यात पक्षकार दोन होते, तुमची मुलगी आणि माझा मुलगा. मी तो हुकूमनामा चार वेळा वाचला आहे. त्यात तुमच्यामाझ्याविषयी एक अक्षर नाही. जे कोणी मोडलेच नाही ते मोडले असे तुम्ही कोणत्या अधिकारात धरून चालला आहात? मुलाकडचा आणि मुलीकडचा, दोघेही आता नाहीत. तिसरे ठिकाण जेथे होते तेथेच आहे. मळ्यात पुन्हा घोस धरतील तेव्हा तारीख तुम्ही ठरवा. मी कोणालाही पत्र लिहिणार नाही.

उत्तर मला घरी पाठवू नका. जेथे हे छापून आले आहे तेथेच, सर्वांना वाचता येईल असे लिहा. येत असाल तर तसे लिहा. येत नसाल तर तेही लिहा, मी वाचीन. फक्त पत्राच्या शेवटी ‘आपला’ एवढे लिहून झाल्यावर, सही करण्यापूर्वी, तुम्ही माझे कोण, तो एक शब्द तुमच्या हाताने लिहा.